शिरेभोवतीचं कडं

"हे तुमचं स्वादुपिंड," असं म्हणत डॉक्टर मेरेरिद वॉन यांनी हात पुसायचा एक कागद टेबलावर पसरला आणि त्यावर पेनानं आडवा मासा काढला. "हे डोकं, ही शेपूट. जठराच्या मागे असं आडवं निजलेलं असतं." माशाच्या डोक्यात त्यांनी एक ठिपका दिला. "आणि ही गाठ. लहान आहे. वेळेवर सापडली."

"वेळेवर कसली आलीय!" इदवलच्या शेजारी बसलेली काइनवेन म्हणाली. ती त्याची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, आईबापांच्या माघारी एकाच घरात राहून, एकमेकांशी भांडत म्हातारी होत चाललेली. "अंगाला खाज सुटली तर म्हणे साबण बदलला म्हणून. डोळे लोण्यासारखे पिवळे झाले, तेव्हा मी ओढत आणला याला."

"काइनवेन, डॉक्टरांना बोलू दे."

"बोलू दे की. मी काय त्यांचं तोंड धरलंय?"

डॉक्टर हसल्या. त्याही या भावंडांच्याच भागातल्या, मेंढ्यांच्या डोंगरापलीकडच्या. असली भावंडं त्यांना नवी नव्हती. पण हसता हसता त्यांनी खिडकीकडे नजर वळवली आणि इदवल सावरून बसला. गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. एखाद्या शेतकऱ्याला वाईट बातमी द्यायची असली, की तोही बोलण्याआधी असाच दुसरीकडे बघत असे.

"आणखी एक गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ काढायची, तर हे डोकं मानेपाशी कापून काढावं लागतं. या मानेच्या मागून एक मोठी शीर यकृताकडे जाते. सगळ्यांच्या पोटात स्वादुपिंड त्या शिरेच्या पुढून जातं. तुमच्यात ते पुढूनही गेलंय आणि मागूनही. शिरेला गुंडाळून बसलंय. कड्यासारखं."

"हा आणखी एक रोग?"

"छे छे. जन्मापासूनचं आहे. लोक हे कडं घेऊन नव्वद वर्षं जगतात, त्यांना पत्ताही नसतो. काही म्हणजे काही त्रास नाही. फक्त तिथे कुणाला सुरी घेऊन जावं लागलं तर…" त्यांनी माशाच्या मानेवर एक रेघ मारली, मग जरा थांबून तिच्यामागे दुसरी. "एरवी मी एका जागी कापते, एक तोंड शिवते. तुमच्यात दोन जागी कापावं लागणार. दोन तोंडं."

"आणि शिवलेलं तोंड गळलं तर?" इदवलनं विचारलं. हे विचारायला त्याला डॉक्टर असायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तर रस पोटात उतरतो. तो पचवायचा रस आहे. ताटातलं मांस कुठलं आणि आपलं कुठलं, हे त्याला कळत नाही. पण बहुतेक वेळा आम्ही सांभाळून नेतो, मिस्टर पॅरी. बहुतेक वेळा."

"असं कडं किती जणांना असतं?" काइनवेनचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"शंभरात एखाद्याला, असं आम्ही शिकलो. पण आमच्याकडे नॉन गेथिन म्हणून एक तरुण डॉक्टर आहे. पोटाचे जुने सीटी स्कॅन पुन्हा काढून ती फक्त हे कडं मोजतेय. तिला जास्त सापडतायत. दोन, कधी तीनसुद्धा. आधी कुणी बघतच नव्हतं, म्हणून दुर्मिळ वाटायचं. तुमचंही तिलाच दिसलं."

"आणि ऑपरेशन नाही केलं तर?"

"तर गाठ थांबणार नाही. एखादं वर्ष. केलं तर बरं होण्याची आशा आहे. खात्री नाही देत मी." त्यांनी पुढच्या आठवड्यातला गुरुवार सांगितला. "विचार करा. पण फार दिवस करू नका."

परतीच्या वाटेवर काइनवेन गाडीत सारखी बोलत होती: हॉस्पिटलातल्या चहाबद्दल, त्या डॉक्टरच्या बुटांबद्दल, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. इदवलला एकच शब्द ऐकू येत होता. बहुतेक.

*

डिल्विनच्या गोठ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राचा दाब राहत नव्हता. डिल्विन हा इदवलचा शाळेतला सोबती. तोंडानं फाटका, मनानं लोण्याचा.

"काय रे, आज सूर कुठे गेला तुझा? एरवी नळीखाली शिरलास की गुणगुणतोस. गायी वाट बघतायत, गाणाऱ्याला काय झालं म्हणून."

"गायींना म्हणावं, रविवारी चॅपेलात या. आम्ही नऊच जण उरलोय. तिघी-चौघी आल्या तरी भर पडेल."

"आल्या असत्या रे. पण पाळकसाहेबांचं प्रवचन संपेपर्यंत त्यांची धार काढायची वेळ टळायची."

इदवल हसला नाही. नळीला कान लावून, डोळे मिटून तो सुसकारा शोधत पुढे सरकत होता. गळती आधी कानाला सापडते, मग बोटाला, शेवटी डोळ्याला. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. गोठ्याच्या कोपऱ्यात एका नळीतून दोन फाटे निघत होते, तिथे त्याला ती सापडली. रबर चिरलं होतं. त्यानं डोळे उघडले आणि खाली बघितलं.

नळ्या रोज ज्या अ‍ॅसिडनं धुतात, त्याचे थेंब त्या सांध्यातून पडत आले होते. कधीपासून, देव जाणे. खालच्या सिमेंटात मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या, भुसभुशीत. बोट लावलं तर वाळूसारख्या सुटत होत्या.

"ते होय! जुनं आहे ते," डिल्विन म्हणाला. "थेंब थेंब पडून झालंय. अ‍ॅसिड काही फार कडक नाही, पण रोजचं ना."

असले खड्डे त्यानं जन्मभर पाहिले होते, पायानं चाचपले होते, त्यावरून शेतकऱ्यांना चार शब्द सुनावले होते. आज तो खड्डा त्याला आपल्या बरगड्यांखाली दिसला. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

"इदवल? अरे, बरं आहे ना?"

"पाना दे," तो म्हणाला; पण पाना हातात आला तेव्हा हात इतका थरथरत होता, की नवं रबर शेवटी डिल्विननंच चढवलं.

त्या संध्याकाळी काइनवेननं लीक नावाच्या कांदापातीचं आणि मटणाचं सूप वाढलं. इदवलनं चमचा बुडवला, काढला, तसाच ठेवला.

"मी गुरुवारी जाणार नाही."

"बरं. मग काय करणार?"

"वर्ष तर वर्ष. सगळ्यांचंच कधीतरी संपतं. पण आतून गळून, स्वतःच स्वतःला खाऊन मरायचं नाही मला."

"आणि वर्षानं?"

"मग बघू."

"तू कुठला बघायला असणार, गाढवा! बघायला मी असेन." तिनं त्याची ताटली उचलली, सूप परत पातेल्यात ओतलं आणि झाकण आदळलं. मग कोट चढवला, टोपी घातली आणि बाहेर पडली. कुठे, ते सांगितलं नाही. इदवल खुर्चीत बसून राहिला. पोटावर हात ठेवायचीसुद्धा त्याला धास्ती वाटत होती. जणू आत कुणी निजलेलं आहे आणि ते उठेल.

*

त्यांच्या पेन्‌रिऊ गावचं चॅपेल बांधणाऱ्यांनी चारशे माणसांचा हिशोब धरून बांधलं होतं. आता ती नऊ माणसं त्या चारशेंच्या जागेत अशी पांगून बसत, की दोघांच्या मध्ये एक अख्खी मेलेली पिढी बसावी. ज्याचा बाक त्याचा, सरकायचं नाही. इदवलची जागा व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर. गाणं उचलायचं काम त्याचं होतं. तिथे पेटी नाही, वाद्य नाही; एकानं सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी चार आवाजांत त्यावर घर बांधायचं.

पाळकसाहेब आयव्हियन प्यू ऐंशीच्या पुढचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. व्यासपीठाच्या पायऱ्या ते पायानं ओळखत आणि माणसं खोकल्यानं. पण देवानं डोळे नेले तसा गळा नेला नव्हता. त्यांच्या पिढीत पाळकांना हुइल लागायची. साधं बोलता बोलता आवाज हलके हलके सुरात शिरायचा, शब्द चालीवर चढायचे आणि मग प्रवचन सांगितलं जातंय की गायलं जातंय, हे सांगणाऱ्यालाही कळत नसे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. आणि हुइल लागलेल्या माणसाला कुणी अडवायचं नाही, हा तिकडचा अलिखित कायदा. एकदा म्हणे चॅपेलाच्या धुराड्यानं पेट घेतला होता, तेव्हाही 'आमेन' होईपर्यंत सगळे जागचे हलले नव्हते.

त्या रविवारी सकाळीच एका गोठ्यातून फोन आला आणि इदवलला उशीर झाला. तो पोहोचला तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. तो पावलं न वाजवता आत शिरला आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकला.

आजारी माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची तिथली रीत होती. नाव घ्यायचं ते मात्र जो अंथरुणाला खिळलाय, येऊ शकला नाही, त्याचंच. पाळकसाहेबांनी एका म्हातारीच्या गुडघ्याचं नाव घेतलं, एका बाळाच्या कानाचं घेतलं. मग ते थांबले.

"आणि आमचा इदवल," ते म्हणाले.

इदवलनं मान वर केली. पुढे, खिडकीजवळच्या बाकावर काइनवेनची पाठ ताठ झाली. म्हणजे त्या संध्याकाळी कोट चढवून ती पाळकसाहेबांकडे आली होती तर.

"प्रभो, तो आज इथे नाही. त्याचा खोकला मला ऐकू आला नाही. ज्या हातानं आमच्या गोठ्यांत दूध वाहतं राहिलं, तो हात आज थरथरतोय." आवाज एक पायरी चढला. "नाताळाच्या सकाळी आमची यंत्रं बंद पडली, तेव्हा कोण आलं, प्रभो? इदवल आला. बर्फात कोण आलं? इदवल आला. पैसे विचारले, तर बघू म्हणाला, आणि पुन्हा कधी बघितलं नाही." आता चाल लागली होती. खिडक्यांच्या काचा बारीक झणझणत होत्या. "तू त्याला घडवलंस, प्रभो. तूच ती शीर ओढलीस. तूच तिच्याभोवती कडं घातलंस. शंभरांत एकाला घातलंस! का घातलंस, आम्ही विचारत नाही."

ते थांबले. श्वास घेतला. आणि मग एकदम वरच्या सुरात:

"नाही! विचारतो! विचारतो, प्रभो! लेकरं बापाला विचारणार नाहीत, तर कुणाला विचारतील?"

काइनवेननं अभावितपणे मागे वळून बघितलं आणि तिला शेवटच्या बाकावर तो दिसला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं हात वर केला, जरा हवेत धरला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. हुइल लागलेल्या माणसाला अडवायचं कसं?

"आणि त्याला तुझ्या दारात उभं राहावं लागलं," पाळकसाहेबांचा सूर आता खाली, खाली, दुधाची साय धरावी तसा उतरत होता, "तर दार लवकर उघड, प्रभो. भिडस्त माणूस आहे तो. दोनदा वाजवणार नाही."

इदवलला आपल्या प्रेताच्या मागच्या रांगेत बसून आपलंच मरण ऐकावं, तसं झालं. उठून जावं, तर दाराची बिजागरी करकरते. तिथेच बसावं, तर श्वास पुरत नव्हता. तो आपल्याच गुडघ्यांना धरून बसला. इतकं गोड मागणं त्याच्यासाठी आजवर कुणी मागितलं नव्हतं आणि इतकी भीतीही त्याला कधी वाटली नव्हती.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. कपाळ पुसलं. "आता गीत. इदवल नाही. कुणीतरी उचला."

कुणी उचलेना. कुणाचा खोकला नाही, बाकाची कुरकुर नाही. काइनवेन मान खाली घालून बसली होती.

इदवलनं तोंड उघडलं. सूर बाहेर पडला तो चिरका आणि फार वरचा, भ्यालेल्या माणसाचा. पण एकदा उचललेला सूर खाली ठेवता येत नाही. आठ आवाज त्याच्यामागे धापा टाकत तेवढ्या उंच चढले. व्यासपीठावर पाळकसाहेबांनी लाकडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

गीत संपल्यावर ते पायऱ्या चाचपत खाली आले. "कोण ते? इदवल?"

"हो, पाळकसाहेब."

"तू इथे आहेस? मग इतका वेळ मी देवाला काय सांगत होतो?"

"मी इथे नाही, असं सांगत होतात."

"अरे देवा! अर्धा पुरलाच की मी तुला!"

"अर्ध्याहून थोडा जास्तच."

आधी काइनवेनला हसू फुटलं, रडल्यासारखं, मग बाकीच्यांना. पाळकसाहेबांनी मात्र इदवलचा हात चाचपून धरला आणि त्याला बाजूला नेलं. त्यांची बोटं बर्फासारखी होती.

"भीती गेली का रे थोडी?"

"नाही. वाढली. तुम्ही मला थेट दारापर्यंत नेऊन उभं केलंत."

"चुकलं माझं," म्हातारा म्हणाला. मग, "मला तर काही दिसत नाही. तुला दिसलं का ते दार? कसं होतं?"

इदवलनं विचार केला. "बंद होतं."

"मग अजून अवकाश आहे, बाळा," पाळकसाहेब म्हणाले आणि हात सोडायचं विसरून तसेच उभे राहिले.

घरी चालत जाताना काइनवेन एक शब्द बोलली नाही. हे आक्रीतच होतं.

"तू सांगितलंस त्यांना," इदवल म्हणाला.

"सांगितलं."

"गावभर झालं आता."

"नऊ माणसं म्हणजे गाव असेल, तर झालं गावभर."

फाटकाशी आल्यावर तो थांबला. "उद्या त्या मोजणाऱ्या डॉक्टरला फोन करतो."

"कशाला?"

"बघायचंय मला. बाकीच्यांचं."

*

नॉन गेथिनची खोली अंधारी होती. पडद्यांचा निळसर उजेड तेवढा. पोरगी तिशीचीही नसेल. टेबलावर बिस्किटांचा चुरा, खुर्चीच्या पाठीला लोकरीची शाल. रुग्णानं येऊन दुसऱ्यांची चित्रं मागावीत, हे तिला पहिल्यांदाच घडत होतं. म्हणून तिनं वरिष्ठांना विचारून, नावं झाकून काही काढून ठेवली होती.

"हे बघा. पाव कापावा तसं पोट कापलंय, असं समजा. आपण पायाकडून वर बघतोय. ही शीर." तिनं बोट ठेवलं. राखाडी रंगात एक पांढरा गोल. "आणि हे तिच्याभोवती."

इदवल पुढे वाकला. गोलाभोवती दुसरा राखाडी पट्टा वळला होता. नळीवर रबर चढवावं तसा, पण कुणी न चढवता.

"हे माझं?"

"नाही. ही एक बाई. हे दुसरे, सत्तरीतले गृहस्थ. हा तरुण मुलगा." ती एकेक पुढे नेत होती. कुणाचं कडं जाड, कुणाचं बारीक. "ही पण."

"कुठे असतात ही सगळी?"

"आपल्याच भागातली. कुणी किडनीच्या खड्यासाठी आलं होतं, कुणी घोड्यावरून पडलं म्हणून. स्कॅन झाला, घरी गेली. कड्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं."

इदवलला हायसं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ही माणसं कुठेतरी चहा पीत असतील, बायकोशी भांडत असतील, त्याच्याच रांगेत उभी राहून टपालाचं तिकीट घेत असतील. चारशेंचं चॅपेल भरलं असतं, तर त्यात आठ-दहा कडीवाले बसले असते, एकमेकांना न ओळखता. देवानं त्याला एकट्याला निवडून काढलं नव्हतं.

आणि मग तो प्रश्न त्याच्या तोंडून निघून गेला. "यांच्यात ऑपरेशन कितींचं झालं?"

नॉनचा हात थांबला. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं असेल, तर चेहऱ्यावर दिसलं नाही. "माझ्या मोजणीत? एकाचंही नाही. इतर देशांत झालीत, त्याबद्दल मी वाचलंय. इथे तुम्ही पहिले."

मघाचं सगळं चॅपेल एका झटक्यात रिकामं झालं. इदवल त्या निळ्या उजेडात एकटा उरला.

"त्यांचं कसं झालं? बाहेरच्यांचं?"

"काहींचं गळलं. इतरांपेक्षा जास्त जणांचं गळलं, मिस्टर पॅरी. त्यातले बरेच बरे झाले." तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "पण त्यांच्यातल्या कित्येकांचं पोट उघडल्यावर डॉक्टरांना कळलं होतं, की इथे काहीतरी वेगळं आहे. तुमचं आधी कळलंय. एवढंच मी सांगू शकते."

इदवल पुन्हा पडद्याकडे वळला.

"मेरेरिद रोज काम संपलं की इथे येते," नॉन म्हणाली. "तुमचीच चित्रं बघत बसते. मी सांगितलं म्हणून तिला सांगू नका. परवा तर डोळे मिटून, हवेत बोटांनी शिवत होती."

"शिवत होती?"

"असं." तिनं दोन बोटांच्या चिमटीत नसलेली सुई धरून दाखवली.

"घाबरलीय का ती?"

नॉननं त्याच्याकडे बघितलं. "थोडी असावी. नाहीतर रोज कशाला आली असती?"

जी यंत्रं हातचा मळ वाटायची, ती दुरुस्त करून निघताना इदवल कित्येकदा पाना गोठ्यातच विसरला होता. ज्यांची धास्ती वाटायची, त्यांची रात्रभर मनात जुळणी करून तो जाई. आणि ती यंत्रं कधी पुन्हा बिघडली नव्हती. त्याची भीती कमी झाली नाही. फक्त ती आता त्याच्या एकट्याच्या अंगावर नव्हती. टेबलाच्या पलीकडेही कुणीतरी तिचं दुसरं टोक धरून उभं होतं.

"तुमच्या मोजणीत मला धरलंय का?" त्यानं उठता उठता विचारलं.

"धरलंय. नावाशिवाय."

"राहू द्या. गुरुवारी येतोय मी. मागाहून काही का होईना, खोडू नका."

*

गुरुवारी काइनवेन ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत आली. तिथून पुढे बाहेरच्यांना जाऊ देत नव्हते. "पायमोजे घाल, फरशी गार आहे," एवढंच म्हणाली आणि खाटेची चाकं वळायच्या आत पाठ फिरवून चालू लागली. इदवलला ते लागलं. मरायला निघालेल्या माणसालाही ही बाई दोन गोड शब्द देणार नाही, असं त्याच्या मनात आलं. मग कुणीतरी त्याच्या तोंडावर मास्क धरला.

जागा झाला तेव्हा पोटातून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला पिशवी लोंबत होती. जन्मभर नळ्या सांभाळलेल्या माणसाला देवानं शेवटी एक नळी स्वतःची दिली होती. तिच्यात जे उतरत होतं, ते बघायची त्याची छाती होत नव्हती. रोज सकाळी मेरेरिद वॉन यायच्या, पिशवी खिडकीकडे धरायच्या, उजेडात निरखायच्या. नर्सबाई थोडं तपासायला न्यायची. तेवढा वेळ इदवल छताकडे बघत असे. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर नव्हता. त्या खिडकीकडे नजर वळवतील, ही धास्ती.

"दोन्ही तोंडं अजून धरून आहेत," त्या रोज म्हणत. "उद्या पुन्हा विचारा."

काइनवेन रोज दुपारी यायची. दोनदा बस बदलून. आत पाऊल टाकायच्या आधीच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा: उशी कुणी अशी ठेवली, दाढी का केली नाही, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी. तेवढा वेळ दोन खाटा पलीकडचे म्हातारेसुद्धा सरळ होऊन बसत. इदवल डोळे मिटून ऐकत राही. हिला भीती कशी वाटत नाही, याचं त्याला नवल वाटे. थोडा रागही येई.

मग एका दुपारी नर्सबाईनं त्याला उभं केलं. "चला, खिडकीपर्यंत. घाई नाही." एका हातात सलाइनची दांडी, दुसऱ्या हातानं मागून उघडा पडणारा झगा आवळलेला, कमरेला लटकवलेली पिशवी. पाय दुसऱ्याचे असावेत तसे पडत होते. खिडकीशी पोचेस्तोवर त्याच्या कपाळावर घाम डवरला. त्यानं काचेला कपाळ टेकलं.

खाली बस थांबली होती. काइनवेन उतरली. हातात पिशवी, डोक्यावर तीच टोपी. ती ताडताड हॉस्पिटलच्या दाराकडे आली आणि दारापाशी येऊन थांबली.

आत गेली नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून आत जात होती, बाहेर येत होती. कुणीतरी तिच्यासाठी दार धरून ठेवलं, तिनं मान हलवून त्याला जायला सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली. भिंतीला हात टेकला. मान खाली घातली. वरून तिचं तोंड दिसत नव्हतं, टोपी तेवढी दिसत होती, आणि खांदे. ती किती तरी वेळ तशीच होती. आज वर गेल्यावर काय ऐकायला मिळेल, ते तिला कुठे ठाऊक होतं? कालही नव्हतं. परवाही नव्हतं.

मग तिनं रुमालानं तोंड पुसलं. नाक शिंकरलं. टोपी सारखी केली, पिशवी उचलली, पाठ ताठ केली आणि दार ढकलून आत शिरली.

"बाई," इदवल नर्सला म्हणाला, "मला लवकर खाटेवर न्या."

"का हो? दुखतंय?"

"नाही. बहीण येतेय." त्यानं दांडी वळवली. "आणि ती उशी जरा वाकडी ठेवा."